बिल्ला कोणी द्यायचा?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी मला सातवीत गणित शिकवायला होते आणि त्याच काळात आमच्या वॉर्डातून नगरपालिकेवर निवडून गेले होते. नगरपालिका म्हणजे काय हे मला त्यांच्यामुळे कळलं, आणि तेही एका सायकलवरून.

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी तासाच्या भाड्यानं सायकल घ्यायचो. तासाला वीस पैसे. वहीत नाव, बापाचं नाव आणि घराची खूण लिहायची की मिळाली सायकल. हँडलखाली तारेनं बांधलेला पत्र्याचा एक बिल्ला असायचा, त्यावर नगरपालिकेचं नाव, नंबर आणि वर्ष. एकदा मी नेलेल्या सायकलचा बिल्ला गेल्या वर्षाचा निघाला आणि नाक्यावरच्या माणसानं सायकल ठेवून घेतली. मी रडत गुरुजींकडे गेलो. वाटलं, नगरसेवकच आहेत, एक चिठ्ठी देतील. चिठ्ठी त्यांनी दिली नाही. मला कचेरीत घेऊन गेले, लाल कापडात बांधलेलं जाडजूड रजिस्टर काढायला लावलं आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या नंबराची सायकल उद्या कुणाच्या अंगावर गेली, तर मी कुणाच्या दारात जायचं, ते इथं लिहिलंय. ह्या वर्षीचं पान कोरं आहे, म्हणून सायकल इथं आहे." दुकानदारानं संध्याकाळी येऊन पट्टी भरली तेव्हा सायकल सुटली. तोवरचं भाडं मात्र त्यानं माझ्याकडून घेतलं.

भाड्याच्या स्कूटरला बिल्ला शहरानं द्यायचा की राज्यानं, हा आजचा विषय ऐकून व्याख्यानमालेचे चिटणीस फोनवर जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे नुसत्या स्कूटरवर बोलणार?" हो, नुसत्या स्कूटरवर. तीही आपली बसायची स्कूटर नव्हे. दोन छोटी चाकं, मध्ये पाटी, पुढं उभा दांडा. पाटीवर उभं राहायचं आणि अंगठ्यानं वेग द्यायचा. मोबाइलवर कुलूप उघडतं, मिनिटाला भाडं लागतं, आणि उतरलं की जिथं असाल तिथं सोडून चालू लागायचं. ह्या 'जिथं असाल तिथं' तीन शब्दांवर गेल्या काही वर्षांत अमेरिका आणि युरोपातल्या कितीतरी नगरसभा, विधिमंडळं आणि न्यायालयं गुंतून पडली.

सुरुवात झाली कॅलिफोर्नियात, समुद्रकाठच्या सांता मोनिका ह्या छोट्या शहरात. २०१७च्या सप्टेंबरात 'बर्ड' नावाच्या कंपनीनं तिथल्या फूटपाथवर स्कूटर आणून ठेवल्या. कंपनीचे संस्थापक ट्रॅव्हिस व्हँडरझँडन आधी लिफ्ट आणि उबर ह्या दोन्ही टॅक्सी-कंपन्यांत वरच्या जागांवर काम केलेले. शहराची परवानगी घेतलेली नव्हती. महापौरांना संस्थापकांचा निरोप आला तो लिंक्डइनवरून, आणि तो वाचेपर्यंत स्कूटर रस्त्यावर होत्या. डिसेंबरात शहरानं कंपनीवर चक्क फौजदारी तक्रार दाखल केली. २०१८च्या फेब्रुवारीत कंपनीनं तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून ती मिटवली. त्याच वर्षी ह्या कंपनीचं बाजारमूल्य दोन अब्ज डॉलरवर गेलं. तेव्हा दंड हा त्यांच्या हिशेबात जाहिरातीचा खर्च असावा, असं मला वाटतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मी सॅन फ्रान्सिस्कोला लेकीकडे होतो. मार्चअखेरीस तीन कंपन्यांनी तिथं एकदमच स्कूटर उतरवल्या होत्या. सकाळी दूध आणायला निघालो. चौकात फूटपाथ जिथं उतरता करून रस्त्याला मिळवतात, चाकाच्या खुर्चीसाठी, तिथं बरोबर त्या उतारावर एक स्कूटर आडवी पडलेली. पलीकडे एक वयस्क बाई चाकाच्या खुर्चीत थांबलेल्या. मी स्कूटर उचलायला गेलो तर ती किंचाळू लागली: कुलूपबंद गाडी हलवली की भोंगा वाजतो. मला चोर समजतील म्हणून मी दचकून मागं सरलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "उचला हो, माझी रोजची सवय आहे." स्कूटर कडेला ठेवली, त्या गेल्या. घरी येऊन लेकीला विचारलं, ही तक्रार करायची कुठं? ती म्हणाली, "बाबा, त्याचीच तर भांडणं चालू आहेत."

ती खरोखरच चालू होती. १६ एप्रिलला शहराचे वकील डेनिस हेरेरा यांनी तिन्ही कंपन्यांना नोटीस बजावली. बांधकाम खात्याची माणसं फूटपाथ अडवणाऱ्या स्कूटर उचलून गोदामात नेऊ लागली. नगरसभेनं परवान्याचा कायदा केला आणि जूनच्या सुरुवातीला परवाना नसलेल्या सगळ्या स्कूटर रस्त्यावरून हटल्या. बारा कंपन्यांनी अर्ज केले. परवाने मिळाले दोघांना, स्कूट आणि स्किप, आणि आधी परवानगीवाचून घुसलेल्या तिघांपैकी एकालाही नाही! सुरुवातीला प्रत्येकी ६२५ गाड्या, ऑक्टोबर २०१८पासून. पुढं शहरानं अट घातली की गाडी खांबाला किंवा रॅकला कुलुपानं बांधूनच ठेवायची. खुर्चीतल्या त्या बाईंचा प्रश्न सुटला तो ह्या कुलुपानं. कुठल्या चौकात रॅक लागेल, कुठल्या चढावर गाड्या घरंगळतात, शाळा कितीला सुटते, हे सॅक्रामेंटोत, म्हणजे राज्याच्या राजधानीत बसलेल्या माणसाला कसं कळणार?

आता आजच्या विषयाचं दुसरं टोक, सॅक्रामेंटो. अमेरिकेतलं शहर हे कायद्यानं राज्याचं लेकरू आहे. ह्या विचाराला तिथं 'डिलनचा नियम' म्हणतात, आणि त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १८६८ साली आयोवा राज्यातल्या क्लिंटन गावात एका रेल्वे कंपनीला गावच्या रस्त्यांवरून रूळ टाकायचे होते. गावानं ठराव करून मनाई केली. प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी निकाल दिला की नगरपालिकेला जन्म विधिमंडळ देतं, श्वासही तेच देतं, आणि मनात आणलं तर तेच तिला संपवूही शकतं. रूळ पडले. म्हणजे कंपनीनं रस्त्यावर चाकं आणायची, गावानं नाही म्हणायचं आणि राज्यानं गावाचा हात धरायचा, हा खेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कूटरच्या बरोबर दीडशे वर्षं आधी खेळून झालेला होता.

कॅलिफोर्नियानं मात्र १८७९च्या राज्यघटनेतच शहरांना थोडी मोकळीक दिली: राज्याच्या कायद्याशी विरोध येत नसेल तर आपल्या हद्दीत नियम करा. वाहतुकीच्या बाबतीत तिथला वाहन कायदा कडक आहे; राज्यानं स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय शहरानं हात घालायचा नाही. पण त्याच कायद्यातल्या २१२२५व्या कलमानं मोटार बसवलेल्या अशा स्कूटरच्या बाबतीत शहरांना नोंदणी, पार्किंग आणि फूटपाथवरचा वापर ठरवायची मुभा दिलेली आहे. सॅन फ्रान्सिस्को टिकलं ते ह्या एका कलमावर. शेजारच्या उबरशी तुलना करून पाहा. २०१३ साली राज्याच्या लोकसेवा आयोगानं उबर-लिफ्टसाठी एक नवीन वर्ग तयार करून त्यांना आपल्या कक्षेत घेतलं. त्यामुळं त्याच सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सीचे परवाने शहर देतं, पण उबरच्या गाड्या किती असाव्यात ह्यावर त्याला एक शब्द बोलता येत नाही. त्याच रस्त्यावर, त्याच सिग्नलला.

टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये तर हे जनतेच्या मतावर आलं. शहरानं उबर-लिफ्टच्या चालकांचे बोटांचे ठसे घ्यायचा नियम केला. कंपन्यांनी ऐंशी लाख डॉलरहून अधिक खर्च करून त्याविरुद्ध मतदान घडवून आणलं. २०१६च्या मे महिन्यात लोकांनी सुमारे ५६ टक्के मतांनी कंपन्यांना नकार दिला. दोन दिवसांत कंपन्या शहर सोडून गेल्या. आणि वर्षभरानं, मे २०१७मध्ये, टेक्सासच्या विधिमंडळानं ह्या सेवांचं नियंत्रण पूर्णपणे राज्याकडं नेणारा कायदा केला, गव्हर्नर ॲबट यांनी सही केली, कंपन्या परतल्या. मतदारांचा कौल कागदावर राहिला. कंपन्यांना वीस नगरसभांपेक्षा एक विधिमंडळ सोपं पडतं. ह्यात कुणाच्या हेतूबद्दल शंका घ्यायचीही गरज नाही, तो सरळ हिशेब आहे.

तोच हिशेब स्कूटरवाल्यांनी सॅक्रामेंटोत मांडला. २०१८ साली 'बर्ड'च्या पुढाकारानं एक विधेयक आलं: अठरा वर्षांवरच्या माणसाला ह्या स्कूटरवर हेल्मेटची सक्ती नको. सप्टेंबरात गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी सही केली, १ जानेवारी २०१९पासून अंमल. मला हा कायदा आवडत नाही. तरी तो राज्यानं केला ह्याबद्दल माझी तक्रार नाही. डोकं सगळीकडं सारखंच फुटतं. एका गावात हेल्मेट, पुलापलीकडच्या गावात नाही, असं चालणार नाही. ब्रेक, दिवा, कमाल वेग, वय, विमा ह्या सगळ्या गोष्टी राज्यानंच ठरवायच्या. पुढच्या वर्षी मात्र आणखी एक विधेयक आलं, त्यात शहरांनी कंपन्यांवर कुठल्या अटी घालू नयेत ह्याची बंधनं होती. शहरांनी कडाडून विरोध केला आणि त्याचा कायदा झाला नाही. माझी रेषा ह्या दोन विधेयकांच्या मधून जाते.

आता शहरांची बाजू घेतो म्हणजे शहरं शहाणी आहेत असं नव्हे. लॉस एंजलिसच्या पोटातच बेव्हर्ली हिल्स नावाचं श्रीमंत शहर आहे. त्यानं २०१८च्या जुलैत सहा महिन्यांसाठी स्कूटरना सरसकट बंदी केली. म्हणजे पश्चिमेकडून आलेला माणूस हद्दीपर्यंत स्कूटरवर आणि पुढं पायी. हद्दीचा दगड काही रस्त्यावर दिसत नाही. ज्यांच्या घरी तीन मोटारी आहेत त्यांनी, बसमधून उतरून शेवटचा मैल काढणाऱ्याला अडवायचं, ह्याला मी स्वशासन म्हणणार नाही. अशा ठिकाणी राज्यानं म्हणावं, की नियम करा, जागा ठरवा, संख्या ठरवा, पण शेजारच्या गावातून येणाऱ्याची वाट तोडू नका.

लॉस एंजलिसनं दुसराच प्रश्न उभा केला. शहराला स्कूटर कुठं आहेत हे कळायला हवं म्हणून त्यांच्या वाहतूक खात्यानं प्रत्येक फेरीची जागा आणि वेळ कंपन्यांकडून मागितली. वापरणारे काही जण न्यायालयात गेले की हा आमच्या हालचालींवर पहारा आहे. मे २०२२मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं शहराच्या बाजूनं निकाल दिला. निकाल शहराच्या बाजूचा, तरी मी अस्वस्थ आहे. गुरुजींच्या रजिस्टरात सायकल कुणाची हे होतं. मी त्या सायकलवरून कुणाच्या घरी गेलो ते नव्हतं.

युरोपात पॅरिसची गोष्ट सगळ्यांत गाजली. २०१९मध्ये तिथं डझनभर कंपन्यांच्या वीसेक हजार स्कूटर झाल्या होत्या. फ्रान्सच्या केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१९मध्ये देशभरासाठी नियम केले: वेग ताशी २५ किलोमीटर, वय किमान १२, फूटपाथवर चालवली तर १३५ युरो दंड. डिसेंबरच्या कायद्यानं शहरांना भाड्याच्या गाड्यांना परवाने द्यायचा अधिकार दिला. पॅरिसनं तीन कंपन्या निवडल्या, प्रत्येकी पाच हजार गाड्या. तरीही अपघात आणि पसारा थांबेना, तेव्हा महापौर ॲन हिडाल्गो यांनी २ एप्रिल २०२३ला लोकांना विचारलं. ८९ टक्के म्हणाले, नको. पण मतदानाला आले किती? साडेसात टक्केसुद्धा नाहीत. तरुण, ज्यांच्या पायाखाली ह्या गाड्या होत्या, ते बहुतेक घरीच राहिले. ३१ ऑगस्टला करार संपले आणि भाड्याच्या स्कूटर गेल्या. स्वतःच्या मालकीच्या स्कूटर मात्र आजही पॅरिसच्या रस्त्यावर धावतात, कारण त्यांचा अधिकार शहराकडं नाही, देशाकडं आहे. शहराच्या हातात भाड्याचा धंदा होता, यंत्र नव्हतं. अधिकाराची वाटणी इतकी स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि ह्याच वाटणीचं कारण जर्मनीतल्या एका न्यायालयानं फार नेमकं सांगितलं. म्युन्स्टरच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयापुढं नोव्हेंबर २०२०मध्ये भाड्याच्या सायकलींचा खटला होता. कंपनी म्हणे, सायकल उभी करणं हा रस्त्याचा नेहमीचाच वापर आहे, त्याला परवाना कशाला? न्यायालय म्हणालं, नाही. तुमची उभी सायकल गिऱ्हाइकाची वाट पाहते आहे. तो वाहतुकीचा भाग नाही, तो धंदा आहे, आणि रस्त्यावर धंदा करायचा तर शहराची परवानगी हवी.

मंडळी, हे वाचताना मला आपला पथारीवाला आठवला. फूटपाथवर दोन हात जागेत मोजे आणि रुमाल मांडणाऱ्याला २०१४च्या फेरीवाला कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं, त्याची जागा ठरवायला नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. प्रमाणपत्र नसेल तर अतिक्रमण विभागाची गाडी येते आणि माल उचलते. मग उभ्या स्कूटरचं दुकान मांडणाऱ्या कंपनीला वेगळा न्याय का? ती मोठी आहे म्हणून? की तिचं दुकान मोबाइलमध्ये असल्यामुळं ते दुकान दिसत नाही म्हणून?

आपल्याकडं उभ्यानं चालवायच्या स्कूटर फारशा आल्या नाहीत. आपले खड्डे त्यांना परवडणार नाहीत. पण भाड्याच्या विजेच्या दुचाकी आल्या आहेत आणि वाढणार आहेत. पुण्यानं २०१७च्या डिसेंबरात भाड्याच्या सायकली पाहिल्या, औंधात आणि विद्यापीठाच्या आवारात. सुरुवातीला हौस, मग मोडक्या सायकली, मग काहीच नाही. तेव्हा निदान महापालिकेशी करार तरी होता. विजेच्या गाडीचं तसं नाही. मोटार वाहन कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याच्या परिवहन खात्याची. दुचाकी भाड्यानं द्यायची योजनाही केंद्राची, १९९७ची, आणि परवाना देणार परिवहन खातं. त्यातही एक फट आहे: ज्या गाडीची मोटार पाव किलोवॅटहून लहान आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, ती नियमाप्रमाणं मोटार वाहनच नाही. तिला नंबरप्लेट नाही, चालकाला लायसन्स नाही. आरटीओ म्हणतो आमची नाही, आणि महापालिकेला कुणी विचारलेलंच नसतं. भाड्यानं देणाऱ्यांना ही फट चांगली ठाऊक आहे. माझ्या लहानपणीच्या पत्र्याच्या बिल्ल्यापेक्षाही आपण मागं आलो आहोत.

घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं बाराव्या परिशिष्टात शहरांसाठी अठरा विषय लिहिले. रस्ते त्यात आहेत, वाहनतळ त्यात आहेत, बसथांबेसुद्धा आहेत. पण ते 'देता येतील' असे आहेत, 'दिले' असे नाहीत. आणि घेणार तरी कोण? मार्च २०२२पासून पुढं तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. प्रशासक राज्यानं नेमलेला. राज्यानं राज्याशीच सल्लामसलत करायची, असा तो कारभार!

तरी एक धागा आपल्या हातात आहे. मोटार वाहन कायद्याचं ११७वं कलम सांगतं की गाड्या कुठं उभ्या राहतील हे राज्य सरकार किंवा त्यानं नेमलेला अधिकारी ठरवील, मात्र त्या भागातल्या स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. कायद्यात हे शब्द आहेत. आपल्या शहरात अशी सल्लामसलत शेवटची केव्हा झाली, तिचं इतिवृत्त कुठं आहे, भाड्याच्या विजेच्या दुचाकींच्या जागा कुणी आणि कुठल्या ठरावानं दिल्या, एवढे तीन प्रश्न मी माहिती अधिकाराच्या अर्जात लिहिले आहेत. मला एकट्याला उत्तर द्यायला कचेरीला घाई असणार नाही. पन्नास अर्ज गेले तर कुणीतरी ते रजिस्टर शोधायला उठेल.

अर्जाच्या छापील प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि खाली सही करायची. जाताना एक घेऊन जा.